भरलेली सायकल पंक्चरसाठी उलटी करावी का? (आरे-वाऱ्याच्या चढावरचा अनुभव)

वाशिष्ठीकाठ

गुहागरहून मालवणला सायकलने निघालो होतो. हेदवी, तवसाळ, तिथून फेरीबोटीने जयगड, मग मालगुंड आणि गणपतीपुळे असा पहिला दिवस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आरे-वाऱ्याचा चढ अर्धा चढलो आणि मागचा टायर बसला.

मागे दोन पॅनियर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या), कॅरिअरवर आडवा तंबू, हँडलला छोटी बॅग. घरी वजन केलं तेव्हा सगळं मिळून १७ किलो भरलं होतं. लहानपणापासून हाताला जी सवय आहे तेच केलं. सायकल उचलली आणि सीट-हँडलवर उलटी उभी केली. सामान काढलं नाही. तंबूच्या पट्ट्या सोडायच्या, परत बांधायच्या, त्यातच दहा मिनिटं जातील असं वाटलं.

जागा कशी होती तेही सांगतो, कारण सगळं तिथेच बिघडलं. रस्त्याच्या कडेला जांभ्याची सुटी खडी होती आणि समुद्राकडे उतार. हँडलची बॅग आधी खडीला टेकली, त्यामुळे हँडलच्या मुठी जमिनीपर्यंत पोचल्याच नाहीत. मी क्विक रिलीज (चाक सोडवायची खिट्टी) सोडायला वाकलो, तेवढ्यात पुढचं चाक आपोआप वळलं आणि सगळी सायकल उजव्या अंगावर गेली. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, सरळ दगडावर आपटला.

पंक्चर पंधरा मिनिटांत निघालं. पण डिरेलर ज्या तुकड्यावर लटकतो तो हँगर आत वाकला होता. सर्वात मोठ्या चकतीवर चेन टाकली की डिरेलरचा पिंजरा स्पोकना लागायला लागला. तिथे जोर लावला असता तर पिंजरा चाकात ओढला गेला असता, म्हणून मधल्या दोन गिअरांवरच रत्नागिरी गाठली. चढ आला की उतरून ढकलायची. रत्नागिरीत एका कारागिराने हँगर सरळ करून दिला, पण "पुन्हा वाकला तर तुटेल" हेही सांगितलं. दुसरा हँगर जवळ नव्हता. भाट्याच्या पुलापर्यंत गेलो आणि तिथून परत फिरलो. मालवण राहिलं.

घरी आल्यावर रिकामी सायकल अंगणात उलटी ठेवून पाहिली, मग एकेक सामान चढवत गेलो. उलटी सायकल तीन ठिकाणी टेकते: हँडलच्या दोन मुठी आणि सीट. म्हणजे त्रिकोण झाला, पण मागच्या बाजूला तो एका टोकावर येतो. कॅरिअरचं ओझं नेमकं त्या टोकाच्याही मागे असतं. पॅनियर चढवल्याबरोबर हँडल हलकं झालं. एका बोटाने मुठी जमिनीवरून उचलता येत होत्या. अशा अवस्थेत चाक काढायला जोर लावला तर सायकल पडणारच.

किनाऱ्याने सामान घेऊन फिरणारे तुम्ही सगळे काय करता? उलटी करता, आडवी करता, की आणखी काही?


खाडीपल्याड

सायकल उलटी करण्यात चूक नाही, भरलेली उलटी करण्यात आहे. मी आठ-नऊ वर्षं किनाऱ्यावर फिरतोय आणि अजूनही उलटीच करतो. पण क्रम ठरलेला आहे. आधी हँडलची बॅग, मग मोबाइलचा स्टँड आणि दिवा, मग पाण्याच्या बाटल्या, शेवटी पॅनियर. पॅनियरचे हूक दाबले की सुटतात, दोन्ही काढायला अर्धा मिनिटही लागत नाही. तंबू वेगळा बांधण्याऐवजी पॅनियरच्या वर त्याच पट्टीत अडकवा, म्हणजे तोही एका ओढीत निघतो.

तुम्ही म्हणता ती दहा मिनिटं सामान बांधायच्या पद्धतीची आहेत. बांधतानाच मागचं चाक काढावं लागणार हे धरून बांधा.

पुढचं चाक वळू नये म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी जवळ ठेवा. चाकाचा रिम आणि फ्रेमची खालची नळी एकत्र गुंडाळून टाकायची. सीटखाली पंचा किंवा पायपुसणं घाला. जांभ्याची खडी सीटचं कापड एका फेरीत सोलून काढते, चामड्याची सीट असेल तर विचारूच नका.


उभादांडा

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमचे बाबा वेंगुर्ल्यात पाव घालायचे. काळी दांड्याची सायकल, मागे लाकडी पेटी, हँडलला रबरी भोंगा. पहाटे भट्टीवरून पेटी भरून निघायचे, उभादांड्याकडून वर वाड्यांमध्ये जायचे. पेटी कॅरिअरला ट्यूबच्या पट्ट्यांनी अशी आवळलेली असायची की ती वाटेत सोडायचा प्रश्नच नाही. आणि पाव भरलेली पेटी उलटी करणार कोण?

बाबांनी चाक काढलेलं मी वाटेत कधीच पाहिलं नाही. पंक्चरसाठी चाक काढावं लागतं ही कल्पनाच त्यांना नव्हती. दांड्याच्या सायकलचा स्टँड दोन पायांचा असतो, मागे ओढून चढवला की मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं आणि मोकळं फिरतं. ओझं सगळं त्या दोन पायांवर. मग टायरची एकच कड दोन पट्ट्यांनी रिमबाहेर काढायची, सगळी नाही, वीतभर इकडे नि वीतभर तिकडे. ट्यूबचा तेवढाच भाग ओढून बाहेर घ्यायचा. बाकीची ट्यूब टायरमध्येच राहते आणि व्हॉल्व्हला हातसुद्धा लागत नाही.

पाणी जवळ असलं तर ठीक, नाहीतर बाबा खालचा ओठ जिभेने ओला करायचे आणि हवा भरलेली ट्यूब ओठाजवळून हळूहळू फिरवायचे. बोटाला जी हवा लागत नाही ती ओल्या ओठाला थंड लागते. सापडलं की तिथे नख रोवून धरायचे, दुसऱ्या हाताने कॉपिंग पेन्सिलीने फुली. मग काचपेपर, मग सोल्यूशन. सोल्यूशन लावलं की ते भोंग्याचा रबरी फुगा पुसत बसायचे. आम्हाला वाटायचं, बाबा वेळ काढतात. ते सोल्यूशन सुकायची वाट बघत असायचे. ओल्यावर ठिगळ लावलं की ते सरकतं, बोट लावल्यावर जरा चिकट लागलं पाहिजे पण बोटाला येता कामा नये. समुद्राकाठच्या दमट हवेत त्याला जास्त वेळ लागतो, पावसाळ्यात तर फारच.

बाबा म्हणायचे, "आदी वझा बघ, मगे चाक बघ." म्हणजे ओझं कुठे आहे ते पाहा आणि मगच चाकाला हात लाव.


वाशिष्ठीकाठ

@उभादांडा, ओठाची गोष्ट मला माहीत नव्हती. आज ट्यूबला टाचणी टोचून करून पाहिलं, खरंच कळतं. पण माझ्या गिअरच्या सायकलला तसा स्टँड नाही. माझ्याकडे एका पायाचा आहे, तो ओझ्याने वाळूत रुततो. मग मागचं चाक अधांतरी कसं करायचं?


उभादांडा

चाक अधांतरी असायलाच हवं असं नाही. टायरची कड काढताना चाक जमिनीला टेकलेलं असलं तरी चालतं, फक्त जिथे काम आहे तो भाग वर आणायचा. सायकल गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकवा. कोकणात शंभर पावलांवर जांभ्याचा गडगा मिळतोच. उजवी बाजू, म्हणजे चेनची बाजू, तुमच्याकडे आणि डावी बाजू गडग्याकडे. पॅनियर काढला तर बरंच, नाही काढला तरी डावा पॅनियर गडग्याला टेकतो आणि सायकल घट्ट उभी राहते. मागचा ब्रेक ट्यूबच्या पट्टीने आवळून ठेवा म्हणजे चाक सरकणार नाही. चाक फिरवायचं असेल तेव्हा पट्टी सोडायची.

चाक काढणं भागच असेल तर दोन चिरे एकावर एक ठेवून पेडलच्या आसाखाली द्या. पण त्या जागी खालून गिअरच्या तारा जातात का ते आधी बघा, जात असतील तर चिरा डाव्या नळीखाली सरकवा. मध्ये कापड घाला.


कातळसडा

मी एकटी फिरते, त्यामुळे सतरा-अठरा किलोसकट सायकल उचलून उलटी करणं मला जमतही नाही. मी सगळं सामान उतरवते आणि सायकल डाव्या अंगावर गवतावर आडवी करते. डावीकडे डिरेलर नसतो, चेन नसते. चेन आधीच सर्वात छोट्या चकतीवर आणून ठेवायची, म्हणजे चाक निघताना अडत नाही आणि परत बसवतानाही ती कोणत्या चकतीवर घालायची हे शोधावं लागत नाही.

पण मला लिहायचंय ते ब्रेकबद्दल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे आता हायड्रॉलिक डिस्क ब्रेक (तेलाच्या दाबावर चालणारे) असतील. गेल्या वर्षी देवगडहून कुणकेश्वरकडे जाताना एका भल्या माणसाने मदत म्हणून माझी सायकल उलटी केली, मी नको म्हणेपर्यंत झालंही होतं. तशी वीसेक मिनिटं राहिली. सरळ केल्यावर मी तशीच निघाले. पहिल्या उतारावर मागचा ब्रेक दाबला तर लिव्हर थेट मुठीला लागली. आतमध्ये काहीच नसल्यासारखी. पुढचा चालू होता म्हणून वाचले.

कारण असं. ब्रेकच्या तेलाची टाकी लिव्हरपाशी असते. ब्रेक नीट भरलेले नसले तर टाकीत थोडी हवा राहिलेली असते, एरवी ती वरच असते आणि त्रास देत नाही. सायकल उलटी केली की टाकी खाली जाते आणि बुडबुडा वर सरकतो, म्हणजे नळीत. तेल दाबलं तर जोर जातो, हवा दाबली तर ती नुसती चेपते. म्हणून सरळ केल्यावर दोन्ही लिव्हर दहा-बारा वेळा दाबून बघायच्या. कडक लागेपर्यंत सायकलवर बसायचं नाही. दाबूनही मऊच राहिली तर ब्रेक भरून घ्यावे लागतात. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे दर खाडीला उतार नि दर खाडीनंतर चढ, इथे हे विसरून चालणार नाही.

आणखी एक. चाक बाहेर असताना लिव्हर दाबू नका, दाबू देऊ नका. पॅड एकमेकांना भिडतात आणि डिस्क परत आत जात नाही. मी पुठ्ठ्याचा जाड तुकडा जवळ ठेवते, चाक काढलं की तो पॅडच्या मध्ये. आणि उतार संपल्यावर लगेच पंक्चर झालं तर डिस्कला हात लावू नका, चांगलीच भाजते.


नवाखलाशी

नमस्कार. डिसेंबरात अलिबागहून रेडीपर्यंत जायचा विचार आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला बोटीने, पुढे सगळा सागरी रस्ता. गिअरची सायकल आहे, ७०० मापाचे टायर, प्रेस्टा (बारीक) व्हॉल्व्ह. वाटेत गावोगाव सायकलची दुकानं असतीलच, तर सगळं सोबत न्यायची गरज आहे का? ओझं जितकं कमी तितकं बरं म्हणून विचारतोय.


खाडीपल्याड

दुकानं आहेत, पण तुमच्या मापाचं सामान असेलच असं नाही. लहान गावात ट्यूब मिळते ती दांड्याच्या सायकलची. ती अडीअडचणीला ७०० च्या टायरमध्ये बसवता येते, पण तिचा व्हॉल्व्ह जाड असतो आणि प्रेस्टाच्या रिमचं भोक बारीक. तो आत जाणारच नाही. म्हणून दोन ट्यूब सोबत हव्यातच. वाटेत ट्यूब बदलायची आणि संध्याकाळी मुक्कामाला दिव्याखाली बसून फाटकी ट्यूब ठिगळ लावून तयार करायची. रस्त्यावर ठिगळ लावत बसण्यापेक्षा हे बरं, विशेषतः पाऊस असेल तर. ओल्या ट्यूबवर काहीही चिकटत नाही.

ठिगळाची डबी, टायरच्या तीन पट्ट्या, चांगला हातपंप, पितळेचा छोटा अडॅप्टर म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. आणि हँगर. धागाकर्त्याचं मालवण त्याच्यामुळे राहिलं. हँगर फ्रेमप्रमाणे वेगळा असतो, दुसऱ्याचा तुमच्या सायकलला लागेलच असं नाही. निघायच्या आधी तुमच्याच फ्रेमचा मागवून घ्या. खिशातल्या सुट्या पैशांएवढं वजन.

दुरुस्तीसाठी जागा निवडता आली तर फेरीबोटीचे धक्के चांगले. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. बोटीची वाट बघावीच लागते, सपाट काँक्रीट असतं, माणसं असतात. मात्र उताराच्या ओल्या भागात सायकल ठेवू नका. शेवाळ आणि खारं पाणी, दोन्ही वाईट.


आसआणिआरे

मी उलट्या सायकलची बाजू घ्यायला आलोय. पंक्चरसाठी नसेल गरज, पण चाक सरळ करायला वाटेत याच्याइतकी सोय दुसरी नाही.

ओझं असलेल्या सायकलचा स्पोक तुटतो तो बहुतेक वेळा मागच्या चाकाचा, उजवीकडचा. तिकडे गिअरच्या चकत्या असल्यामुळे हबची कड आत सरकलेली असते, त्या बाजूचे स्पोक जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात. आणि वजनाचा मोठा वाटा मागच्याच चाकावर. जुन्या दांड्याच्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत ते उगीच नाही. आता ३२ वर किंवा त्याहून कमीवर लोक तंबू लादून निघतात. लांब जाणार असाल तर मागे ३६ तरी असावेत.

स्पोक तुटला की चाक एका बाजूला ओढतं. सामान उतरवा, सायकल उलटी करा, चाक फिरवा. मागच्या नळीला प्लॅस्टिकची चिमटपट्टी (झिप टाय) आवळून तिचं टोक रिमपासून केसभर दूर ठेवा. चाक जिथे टोकाला घासतं तिथे काम करायचं. उजवीकडचा तुटला असेल तर चाक डावीकडे गेलेलं असतं, म्हणून शेजारचे डावीकडचे दोन स्पोक थोडे ढिले करायचे. पाव फेरा, मग फिरवून बघायचं, मग परत पाव फेरा. घाई केली की चाक अंडाकृती होतं आणि मग वाटेत ते निस्तरत नाही.

इथे सगळे फसतात ती गोष्ट: निपल (स्पोक रिमला धरून ठेवणारा छोटा नट) कोणत्या बाजूने फिरवलं की आवळतं? टायरच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. सायकल उलटी असली की तुम्ही वरून, म्हणजे टायरच्या बाजूनेच बघत असता, त्यामुळे नेहमीच्या स्क्रूसारखंच. सरळ सायकलच्या चाकाकडे खाली बघत काम केलं तर तुम्ही हबकडून बघता आणि सगळं उलटं होतं. मी एकदा केळशीच्या अलीकडे एका मुलाची सायकल पाहिली होती, त्याने ढिले करायचे ते तासभर आवळले होते. चाक आठच्या आकड्यासारखं झालं होतं.

तुटलेला उजवा स्पोक बदलायचा तर चकत्या काढाव्या लागतात, ते वाटेत जमत नाही. केव्हलरच्या दोरीचा तात्पुरता स्पोक मिळतो, तो चकत्या न काढता ओवता येतो. तुटलेला तुकडा आत लोंबकळत ठेवू नका, शेजारच्या स्पोकला गुंडाळा.


कातळसडा

@आसआणिआरे, खाऱ्या हवेबद्दलही लिहा ना. माझ्या चाकाची निपल्स दोन वर्षांत अशी धरली की पान्याने कोपरेच गोल झाले.


आसआणिआरे

अॅल्युमिनियमची असतील. समुद्राकाठी राहणाऱ्याने पितळेचीच घ्यावीत, थोडी जड असतात पण धरत नाहीत. वाळूवरून सायकल नेली असेल, लाटांतून फोटोसाठी काढली असेल, तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. बादलीने हळू ओता, जोराचा फवारा नको, तो हबच्या आत पाणी नि वाळू ढकलतो. चेन पुसून तेल. निपलच्या मुळाशी वर्षातून दोनदा तेलाचा एकेक थेंब.


उभादांडा

एक राहिलं. ठिगळ लावायच्या आधी पंक्चर कशाने झालं ते शोधा. टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवायचा, बोट नाही. तार असेल तर बोट फाटतं, कापड मात्र तिथेच अडकतं. आमच्याकडे करवंदीचे नि बोरीचे काटे, बंदराजवळ कालवांच्या शिंपा, मोठ्या रस्त्याला ट्रकच्या टायरमधल्या बारीक तारा. तार सर्वात वाईट, बाहेरून दिसतच नाही. ट्यूबला शेजारी शेजारी दोन लांबट भोकं असतील तर मात्र काटा शोधू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटली. ओझं असलं की मागे हवा नेहमीपेक्षा जास्त ठेवायची, टायरच्या कडेला छापलेल्या आकड्याच्या आत राहून.


वाशिष्ठीकाठ

काल सकाळी अंगणात पूर्ण सामान चढवून सगळ्या पद्धती करून बघितल्या. घड्याळ लावून.

सामान उतरवून उलटी, चाक काढून ट्यूब बदलून परत सगळं बांधेपर्यंत २४ मिनिटं. डाव्या अंगावर आडवी, तेवढाच वेळ, पण चाक परत बसवताना एकट्याला जरा झटापट होते. गडग्याला टेकवून, चाक न काढता, एका बाजूची कड सोडून ठिगळ: १९ मिनिटं. सामानाला हात लावला नाही. सोल्यूशन सुकेपर्यंत मला थांबवेना, म्हणून मीही बसून बेल पुसली.

टाचणी मीच टोचली असल्यामुळे भोक कुठे आहे ते माहीत होतं, हे खरं. म्हणून आईला सांगितलं, मला न दाखवता कुठेतरी टोच. तिने दोन ठिकाणी टोचलं. पहिलं ओठाने सापडलं, दुसरं सापडेना. चाक थोडं थोडं फिरवत, ट्यूबचा पुढचा भाग ओढत गेलो, तेव्हा व्हॉल्व्हच्या अगदी बुडाशी मिळालं. तिथे ठिगळ बसत नाही, ट्यूबच बदलावी लागते, म्हणजे चाक काढावंच लागलं. तेव्हा सामान उतरवलं, ट्यूबच्या पट्टीने पुढचं चाक बांधलं, सीटखाली पंचा घातला आणि मगच उलटी केली. हलली नाही.

नवे दोन हँगर आले आहेत. एक सायकलला, एक सीटखालच्या पिशवीत. तंबू आता पॅनियरच्या पट्टीतच अडकवतो. येत्या शनिवारी भाट्याच्या पुलापासूनच पुढे निघतोय: पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर. @उभादांडा, वेंगुर्ल्यापर्यंत आलो तर तुमच्या बाबांची ती सायकल बघायला मिळेल का?


उभादांडा

या. पेटी गेली, सायकल आहे. पडवीत स्टँडवर उभी आहे, मागचं चाक अजून मोकळं फिरतं. येताना फोन करा, मी न्यायला येतो.